सूचना : घरातलं मीठ एकदा बघून घ्या

गटातील सर्व भगिनींना नमस्कार. ज्यांच्या घरी लेक किंवा सून गरोदर आहे, त्यांनी हे जरूर वाचावे.

आपल्या खानापूर (जि. बेळगाव) भागात पाऊस धो-धो. डोंगराळ मुलखात असा पाऊस मातीतलं आयोडीन धुऊन नेतो, म्हणून नुसत्या भात-भाजीवर विसंबू नका. एरवी बाईला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम आयोडीन पुरतं. गरोदरपणी आणि बाळ अंगावर पीत असताना २५० लागतं. गळ्यातली थायरॉईड ग्रंथी आयोडीनपासून हार्मोन बनवते. पहिले तीन महिने बाळाची ही ग्रंथी तयार झालेली नसते, मेंदूची वाढ आईच्या हार्मोनवरच होते. कमतरता फार असेल तर गर्भपात होऊ शकतो, बाळ मतिमंद किंवा बहिरं होऊ शकतं, आईला गलगंड होतो.

आठवडी बाजारातलं सुटं खडेमीठ लोणच्याला ठेवा. रोजच्या आमटीला पाकिटावर ‘आयोडीनयुक्त’ लिहिलेलंच मीठ वापरा, झाकणाच्या बरणीत, चुलीपासून लांब. जास्त मीठ मात्र खायचं नाही, रक्तदाब वाढतो.

थायरॉईडची गोळी चालू असेल तर दिवस राहिले म्हणून ती बंद करू नका, लगेच डॉक्टरांना सांगा. ती आणि लोहाची गोळी यांत चार तासांचं अंतर ठेवा. तपासणीला जाताना तायी कार्ड (गरोदर बाईच्या तपासण्यांची नोंद असलेलं सरकारी कार्ड) सोबत न्या.