नावं माहीत नसलेल्या सगळ्यांचे आभार

लेकीचं कॉर्ड ब्लड ट्रान्सप्लांट, म्हणजे दान केलेल्या नाळेच्या रक्तातल्या मूळ पेशी देणं, नीट झालं, पेशी रुजल्या, आणि काही महिन्यांनी तिच्या नवीन इम्युनिटीनेच लाल पेशी फोडायला सुरुवात केली, ऑटोइम्यून हिमोलिटिक अ‍ॅनिमिया म्हणतात याला, हिमोग्लोबिन भराभर खाली, नुसत्या स्टेरॉईडने भागेना म्हणून आयव्हीआयजी (शिरेतून देतात ते अँटीबॉडीजचं औषध) आणि रिटुक्सिमॅब (अँटीबॉडीज बनवणाऱ्या पेशी कमी करणारं औषध) पण द्यावं लागलं. आयव्हीआयजी हजारो लोकांच्या प्लाझ्मातून बनतं हो! त्या सगळ्यांना, लेकीच्या रक्तातल्या अँटीबॉडीजमुळे क्रॉसमॅच (दात्याचं रक्त तिला चालेल का ती तपासणी) जुळत नसताना रात्रभर खपून त्यातल्या त्यात चालेल अशी पिशवी शोधणाऱ्या ब्लड बँकेतल्या दादांना, ड्रिपजवळून न हललेल्या सिस्टरना, आणि बाळंतपणात नाळेतलं रक्त दान करणाऱ्या त्या ताईंना खूप खूप थँक्यू. ताई, तुमचं बाळ सुखात असू दे.