दुसरी सिस्टीम टाकण्याआधी पहिली डिस्क सोडवून ठेवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

'विंडोज १०'चे नियमित पाठबळ (म्हणजे सुरक्षेचे अपडेट) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आणि 'विंडोज ११' जुन्या प्रोसेसरांना अधिकृतपणे स्वीकारत नाही. त्यामुळे इंदुरात घरबसल्या लग्नपत्रिकांची व स्मरणिकांची अक्षरजुळणी करणाऱ्या माझ्यासारखीपुढे पेच उभा राहिला. वीस वर्षांचा मजकूर युनिकोड ही सगळीकडे चालणारी अक्षरपद्धती रुळण्यापूर्वीच्या, विंडोजवरच्या श्रीलिपी फाँटमध्ये अडकलेला असल्याने विंडोज सोडता येत नाही आणि पाठबळ संपलेले विंडोज इंटरनेटला जोडण्याचे धाडस होत नाही. म्हणून एकाच संगणकात दोन हार्ड डिस्क बसवून एकीवर विंडोज आणि दुसरीवर उबुंटू ही लिनक्स घराण्यातली सिस्टीम टाकून घेतली.

काही महिने सगळे सुरळीत चालले. मग विंडोजची जुनी डिस्क टकटक आवाज करू लागली आणि एके दिवशी बंद पडली. ती काढून उबुंटूवर काम भागवू म्हटले, तर पडद्यावर बूट करण्याजोगी, म्हणजे सिस्टीम सुरू करू शकणारी डिस्कच सापडत नसल्याचा संदेश आला! धडधाकट डिस्क आत होती, तरी संगणक सुरू होईना.

कारण नंतर उमगले. यूईएफआय या सुरू होण्याच्या नव्या पद्धतीच्या संगणकात सिस्टीम सुरू करणाऱ्या फाइली ईएफआय नावाच्या एका छोट्या पार्टिशनमध्ये, म्हणजे डिस्कच्या कप्प्यात असतात. दुसरी डिस्क निवडून दिली तरी उबुंटूचा इन्स्टॉलर पुष्कळदा त्या फाइली पहिल्या डिस्कवरच्या, आधीपासून असलेल्या ईएफआय पार्टिशनमध्ये ठेवतो. म्हणजे माझे बिऱ्हाड दुसऱ्या घरात होते, पण किल्ली पहिल्याच घरात राहिली होती.

उपाय अगदी साधा आहे. उबुंटू टाकण्यापूर्वी संगणक बंद करून, प्लग काढून, विंडोजच्या डिस्कची पॉवरची रुंद आणि डेटाची अरुंद अशा दोन्ही केबली सोडवाव्यात आणि काम झाल्यावर पुन्हा जोडाव्यात. नव्याने सगळे बसवताना मी त्या केबलींना पत्रिकांचा उरलेला सोनेरी गोंडा बांधून ठेवला, म्हणजे घाईत चुकीची केबल ओढली जाऊ नये. आता सुरू करताना एफ १२ दाबून (काही संगणकांत ही कळ वेगळी असते) हवी ती डिस्क निवडते.

विंडोजमधील 'फास्ट स्टार्टअप' बंद केलेले बरे, कारण त्यामुळे विंडोज पुरते बंद होत नाही आणि त्याच्या डिस्कवरील फाइली लिनक्समधून वाचता आल्या तरी त्यांत बदल करता येत नाहीत. बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी-की आधी कागदावर उतरवून घ्यावी. घड्याळाचा घोळ मात्र मला बराच भोवला: लिनक्स मदरबोर्डवरील घड्याळ जागतिक वेळेनुसार लावते, तर विंडोज तीच वेळ स्थानिक समजते, त्यामुळे सकाळी ११ वाजता छापलेल्या बिलावर पहाटेचे ५.३० आले आणि गिऱ्हाइकाने 'ताई, तुम्ही झोपता कधी?' असे विचारले. लिनक्सला स्थानिक वेळ पाळायला सांगितल्यावर ते मिटले.

दुरुस्ती करणाऱ्या मंडळींना माझी एवढीच विनंती आहे, की दोन डिस्कांचे काम हातावेगळे करताना त्यांनी गिऱ्हाइकासमोर एकेक डिस्क सोडवून उरलेलीवर संगणक सुरू करून दाखवावा आणि मगच पैसे घ्यावेत.

आपली नम्र,
एक वाचक, रामबाग, इंदूर