स्कूटर, सायकली आणि बाबांची कुरकुर

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर हा विषय काढला की बाबा "बरं, बघू" म्हणून फोन आईच्या हातात देतात, म्हणून लिहितेय. दादाचं आणि माझं ठरलंय. रविवारी तो येऊन स्कूटर घेऊन जाईल. आणि तुमच्या दोघांसाठी दोन सायकली इथून निघाल्या आहेत, त्याच सुमारास पोचतील. बाबा, लगेच चष्मा काढून ठेवू नका, पुढचं वाचा.

त्या संध्याकाळचा विषय मी काढणार नाही. इतकी वर्षं तुम्ही गाडी चालवलीत, कधी कुणाला साधं खरचटलंही नाही. तुम्हाला जमत नाही म्हणून गाडी नेतोय असं अजिबात मनात आणू नका. अंधार पडला की समोरचे दिवे डोळ्यांवर येतात, हे तुम्हीच आईला म्हणालात. (तिने मला सांगितलं म्हणून तिच्यावर रागावू नका.) "मग सायकलला काय चार चाकं असतात?" असं तुम्ही विचारणार, मला माहीत आहे. दोनच असतात. पण गाडी चाळिसाने जाते, सायकल तेराने. वेग तिप्पट झाला की धडकेतली ऊर्जा नऊपट होते, तेही दोन्हींचं वजन सारखं धरून. स्कूटरचं वजन मी हिशेबात घेतलेलंच नाही. तीनाचा वर्ग नऊ, हे गणित तुम्हीच फळ्यावर शिकवलंत, मी नुसते आकडे घातले.

तोच वर्ग आणखी एका ठिकाणी लावून बघा. गुडघ्यामुळे तुमचं फिरणं फाटकापासून त्या बाकापर्यंत आलंय. तब्येत ठणठणीत असतानाही वीस मिनिटांत माणूस चालून चालून दीड किलोमीटर जातो. सायकलवर निवांत गेलात तरी सव्वाचार-साडेचार होतात. म्हणजे घराभोवतीच्या वर्तुळाची त्रिज्या तिप्पट, क्षेत्रफळ नऊपट. आपण इतकी वर्षं तिथे राहिलो, पण घर ते शाळा आणि घर ते बाजार सोडून तुम्ही दोघं कुठल्या गल्लीत शिरलात? गाडीवरून जाताना गल्ली नुसती मागे पडते. सायकलवर पाय टेकला की थांबलात. रोज एक न घेतलेलं वळण घ्या. बाबांनी घरी येऊन हाताने नकाशा काढायचा, रस्त्यांचे कोन त्यांच्या मनासारखे येईपर्यंत. आणि आई, कुंपणाबाहेर आलेली एखादी फांदी दिसली की तू थांबणारच, फक्त तोडण्याआधी विचार.

डॉक्टरांशी माझं बोलणं झालंय, त्यांची हरकत नाही. शरीराचा भार सीटवर पडतो, त्यामुळे गुडघ्याला चालण्यापेक्षा कमी त्रास होतो. सीट मात्र फार खाली ठेवू नका, गुडघा जास्त दुमडला की तोच दुखायला लागतो. टाच पायडलवर ठेवून पायडल पार खाली नेलं की पाय जेमतेम सरळ व्हावा, एवढी उंची. आधी भीती वाटली तर थोडे दिवस खाली ठेवा, मग बोटाबोटाने वर घ्या. आणि हाडांसाठी सायकल पुरेशी नाही, अंगाचा भार पायांवर यायला हवा. म्हणून बाकापर्यंतची चक्कर बंद करायची नाही, कळलं ना?

बाबा, हातातल्या घड्याळावर नाडीचे ठोके बघत बसू नका. तुमची बीपीची गोळी ठोके मुळातच कमी ठेवते, त्यामुळे त्या आकड्यावरून दमणूक कळणार नाही. आईशी बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाहीये, एवढा वेग बरोबर. वाक्य मध्येच तुटायला लागलं की हळू व्हा. पासष्टीनंतरही आठवड्याला किमान 150 मिनिटं असा व्यायाम करावा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पण पहिल्याच आठवड्यात ती भरून काढायची नाहीत. तुमचा स्वभाव मला माहीत आहे.

तुमच्या जुन्या सायकलच्या दांडीवर माझ्यासाठी टॉवेलची घडी सुतळीने बांधलेली असायची. वळण आलं की घंटी मी वाजवायची, असा आपला करार. चढावर तुमची हनुवटी माझ्या डोक्याला लागायची आणि तुम्ही त्याही दमात पाढे विचारायचात. तेव्हा सगळं जग त्या दांडीवरून दिसायचं एवढंच होतं, आणि मला पुरत होतं. आता मी वारंवार येऊ शकत नाही. सायकल पाठवून ही मोकळी झाली, असं तुम्हाला वाटेल का, हा विचार मनात येऊन गेला. तसं नाहीये हो.

आईच्या सायकलला मधली दांडी नाही, पाय उंच टाकावा लागणार नाही. चेनला पूर्ण कव्हर आहे, कपडा अडकणार नाही. दोन्ही सीट रुंद घेतल्या आहेत. बॅटरीची मुद्दामच घेतली नाही, जड असते, पायरीवरून चढवताना कंबर धरेल.

आता ऐका. तोल जातो तो जास्त करून चढता-उतरताना, तेव्हा आधी पूर्ण थांबा, मग उतरा. ब्रेक दोन्ही एकदम दाबायचे, एकटा पुढचा जोरात नाही. उभ्या गाड्यांपासून दार पूर्ण उघडलं तरी लागणार नाही एवढ्या लांबून जा, ते कधी उघडेल सांगता येत नाही. ओल्या रस्त्यावर पांढऱ्या पट्ट्यांवरून वळू नका, त्या निसरड्या असतात. आई, साखर उतरली तर म्हणून ग्लुकोजची पुडी तुझ्याच खिशात ठेव, बाबांच्या नको. हेल्मेट कपाळावर दोन बोटं सोडून आडवं बसलं पाहिजे, मागे सरकवून टोपीसारखं घालायचं नाही. आणि दिवस मावळल्यावर सायकल बाहेर काढायची नाही, यावर चर्चा नाही.

पायडल सुटी येतील. बाबा, डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, ते घड्याळाच्या उलट दिशेने घट्ट होतं. जोर लावून आटे घालवू नका, दादा येईपर्यंत थांबा.

तुमची,
चिमी