सहा महिन्यांचे इंजेक्शन आणि खडखडणारी डबी

संपादक महोदय,
स. न.

वर्षातून दोनदा घ्यायच्या एचआयव्ही-प्रतिबंधक इंजेक्शनाची बातमी वाचली. आकडे बरोबर आहेत. दक्षिण आफ्रिका व युगांडातील 16 ते 25 वयोगटाच्या चाचणीत लेनाकॅपाविर हे इंजेक्शन घेतलेल्या 2,134 जणींपैकी एकीलाही लागण झाली नाही. पण ‘मुली रोजची गोळी विसरतात’ हे त्यातले वाक्य खटकले.

अडचण बहुतेकदा विसरण्याची नसते, लपवण्याची असते. प्रतिबंधाच्या गोळ्यांची डबी एचआयव्हीबाधितांच्या औषधासारखीच दिसते, आणि हलली की खडखडते. आईला किंवा मित्राला ती सापडली तर मुलगी बाधित तरी ठरते, नाहीतर बाहेरख्याली. मग गोळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत जातात, ओल शोषणारी पुडी डबीतच राहते. त्यात गोळीतले टेनोफोविर हे औषध योनीमार्गात कमी पोहोचत असल्याने बायकांना गोळीचा खाडा फारसा परवडत नाही. रोजच्या गोळीच्या पूर्वीच्या ‘व्हॉइस’ चाचणीत बहुतेकींनी गोळ्या घेतल्याचे सांगितले. रक्ताच्या जेमतेम 30 टक्के नमुन्यांत औषध सापडले.

इंजेक्शनालाही पथ्य आहे. आधी एचआयव्ही चाचणी, मग त्वचेखाली दीड-दीड मिलीलिटरच्या दोन सुया. शिवाय त्या दिवशी याच औषधाच्या 300 मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या आणि दुसऱ्या दिवशी आणखी दोन. या दुसऱ्या दिवसाच्या गोळ्या घरी घ्यायच्या, म्हणजे लपवाछपवी तेवढ्यापुरती आलीच. पुढची तारीख 26 आठवड्यांनी, दोन आठवडे मागेपुढे चालते. 28 आठवडे उलटले तर चाचणीपासून सगळे पुन्हा. औषधाचा अंश वर्षभर अंगात रेंगाळतो. त्या काळात लागण झाली तर विषाणू औषधाला दाद देईनासा होऊ शकतो. क्षयरोगावरचे रिफॅम्पिसिन चालू असेल तर जादा मात्रा लागते.

डेपो हे गर्भनिरोधक इंजेक्शन 13 आठवड्यांनी घेतात. दर दुसऱ्या डेपोला लेनाकॅपाविर जोडले तर रांग एक, नर्स एक, आणि क्लिनिकला का आलीस याचे उत्तरही तयार. नर्सची बोलणी त्या रांगेतही खावी लागतात म्हणा! तरी दोन खिडक्या ठेवण्यात मला शहाणपण दिसत नाही.

हैदराबादच्या दोन कंपन्यांनी 2027 पासून वर्षाला सुमारे 40 डॉलरची किंमत जाहीर केली आहे. पुण्याच्या एमक्युअरकडेही ते बनवण्याचा परवाना आहे. पण ही किंमत फक्त औषधाची. आफ्रिकेत नर्स आणि चाचण्यांचा बराच खर्च अमेरिकी मदतीतून चाले. जानेवारी 2025 मध्ये ती गोठली, आणि नंतरच्या सवलतीत प्रतिबंधक औषध फक्त गरोदर व स्तनदा स्त्रियांसाठी ठेवले गेले. ज्यांच्यावर लेनाकॅपाविरची चाचणी झाली, त्या वयाच्या बहुतेक मुली त्यात बसत नव्हत्या.

— एक वाचक, पुणे