बारबेलच्या लॉकच्या सदोष रचनेबाबत तक्रार

दिनांक : ११ ऑगस्ट २०२५
सांगली

प्रति,
मा. व्यवस्थापक,
उत्पादन रचना व ग्राहक सेवा विभाग

विषय : ५० मिलिमीटरच्या बारसाठी विकलेल्या खटक्याच्या लॉकची सदोष रचना, त्यामुळे झालेली दुखापत आणि आपले २९ जुलैचे उत्तर.

संदर्भ : १) दि. १२ मे २०२५ चे बिल. २) माझा दि. २१ जुलै २०२५ चा ई-मेल. ३) आपले दि. २९ जुलै २०२५ चे उत्तर.

महोदय,

आमच्या मंडळाच्या व्यायामशाळेसाठी मी आपल्या कंपनीचे, बारवरील वजनाच्या प्लेट निसटू नयेत म्हणून टोकांना लावायचे, प्लास्टिकचे, आतून रबरी पट्ट्या असलेले आणि खटका दाबून बंद होणारे लॉक प्रत्येक जोडीस ७८० रुपये या दराने सहा जोड्या, म्हणजे एकूण ४,६८० रुपयांना विकत घेतले. त्यांपैकी एक लॉक दि. १९ जुलै रोजी व्यायाम चालू असताना निसटले आणि एका एकोणीस वर्षांच्या मुलाच्या मनगटाला दुखापत झाली. मी ही गोष्ट ई-मेलने कळवल्यावर ‘लॉक नीट बसवले गेले नसावे किंवा बार स्वच्छ नसावा’ असे दोन ओळींचे उत्तर आपल्याकडून आले आणि त्यासोबत एक जोडी बदलून देण्याची तयारी दाखवण्यात आली. ते उत्तर मला मान्य नाही. का मान्य नाही, हे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण माझी तक्रार एका खराब निघालेल्या नगाबद्दल नसून त्या लॉकच्या मूळ रचनेबद्दल आहे.

आधी घडले ते सांगतो. हा मुलगा उभ्याने खांद्यावरचा प्रेस करत होता. २० किलोच्या बारला दोन्ही बाजूंना एक २० किलोची आणि एक ५ किलोची प्लेट होती, म्हणजे एकूण वजन ७० किलो. प्रत्येक सेटनंतर तो बार जमिनीवर ठेवत असे आणि त्याच्या बारचे डावे टोक जमिनीला थोडे आधी लागत असे. चौथ्या सेटमध्ये बार डोक्यावर असताना तो डावीकडे किंचित कलला, डावे लॉक सरकत टोकापर्यंत गेले आणि पाठोपाठ दोन्ही प्लेट खाली आल्या. पुढचे काम उजव्या बाजूच्या २५ किलोने केले. हातांमधील अंतर साधारण ६० सेंटिमीटर धरले, तर त्या प्लेट उजव्या हाताच्या बाहेर सुमारे ४५ सेंटिमीटरवर असतात, आणि रिकाम्या बारचे २० किलो त्याच हाताच्या आत अवघ्या ३० सेंटिमीटरवर. किलो आणि मीटर यांचा गुणाकार केला, तर एका बाजूला ११.२५ आणि दुसऱ्या बाजूला ६, असा तो हिशेब आहे. अशा वेळी बार उजवीकडे कोसळणारच, आणि डाव्या हाताने तो खाली ओढून धरण्याइतका वेळ कोणालाही मिळत नाही. मुलाने बार सोडून दिला हे त्याचे प्रसंगावधान. तरीही मनगट मुरगळले आणि डॉक्टरांनी तीन आठवडे पट्टी बांधून ठेवण्यास सांगितले. बाजूला उभा असलेला त्याचा जोडीदार एक पाऊल मागे होता, म्हणून त्याचा पाय वाचला.

लॉक लावताना ‘टक’ असा आवाज आला होता, हे त्या दोघांनीही सांगितले आणि त्यांच्या सांगण्यावर माझा पूर्ण विश्वास आहे. माझ्या तक्रारीचा खरा विषय तो आवाजच आहे.

मी मिरजेच्या औद्योगिक वसाहतीत टूलरूममध्ये एकतीस वर्षे काम केले आहे. बारीक मापे घेण्याचे व्हर्निअर अजून घरात आहे. आमच्याकडील पाच बारच्या स्लीव्ह, म्हणजे प्लेट अडकवण्याचे टोकांचे जाड भाग, मी मोजल्या, तेव्हा त्यांचे व्यास ४९.९, ४९.८, ४९.५, ४९.३ आणि ४९.२ मिलिमीटर भरले. आपल्या खोक्यावर ‘५० मिमी बारसाठी’ असे छापले आहे आणि बाजारात हे पाचही बार ५० मिलिमीटरचे म्हणूनच विकले जातात. त्यानंतर आपले लॉक रिकामेच बंद करून मी त्याच्या रबरी पट्ट्यांमधला आतला व्यास मोजला. तो ४८.७ मिलिमीटर आहे. याचा अर्थ असा की ४९.९ च्या बारवर रबर प्रत्येक बाजूने ०.६ मिलिमीटर दाबले जाते, तर ४९.२ च्या बारवर केवळ ०.२५ मिलिमीटर. लॉकची सगळी पकड ही त्या दाबलेल्या रबरातून येते, दुसरीकडून कुठूनही नाही. खटक्याचा दुवा ठरावीक लांबीचा असल्यामुळे लॉक नेहमी एकाच मापापर्यंत बंद होते आणि आत जाडा बार आहे की बारीक, याची त्याला जाणीवच नसते. खटका मधल्या बिंदूच्या पलीकडे गेला की तो तिथे अडकतो आणि ‘टक’ वाजतो. पकड पूर्ण असो, निम्मी असो वा नसल्यात जमा असो, आवाज तोच राहतो.

ताणकाटा लावून मी लॉक स्लीव्हवरून बाहेरच्या दिशेने ओढून पाहिले. ४९.९ च्या बारवर ते सुमारे ४४ किलोच्या ओढीला सरकले आणि ४९.२ च्या बारवर १७ किलोला. याच दुसऱ्या बारवर तीन आठवडे सतत बंद ठेवलेले एक लॉक ११ किलोलाच सरकले, कारण दाबाखाली राहिलेले रबर पूर्ववत फुगत नाही आणि नायलॉनसारखे प्लास्टिकही सततच्या ताणाखाली हळूहळू सैल पडते. त्यात आमच्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये हवेत भरपूर ओल असते आणि नायलॉन ती ओल शोषून घेऊन मऊ होते. लॉक बारवर बंद करून ठेवू नये, अशी सूचना आपल्या खोक्यावर कुठेही नाही. उलट चित्रात ते बारवरच लावून ठेवलेले दाखवले आहे.

आता ‘१५० किलोपर्यंत सुरक्षित’ या आपल्या छापील दाव्याविषयी. हे १५० किलो कशाचे? बारवरील एकूण वजनाचे, एका बाजूच्या प्लेटचे, की लॉकवर येणाऱ्या ओढीचे? बार अगदी आडवा आणि स्थिर असेल, तर प्लेटचे वजन स्लीव्हवर पडते आणि लॉकवर काहीच भार येत नाही; त्या अर्थाने पाहिले तर सुतळीचा फासदेखील १५० किलोपर्यंत सुरक्षित ठरेल. बार १५ अंश कलला, तर ५० किलोच्या प्लेट साधारण १३ किलोने बाहेरच्या दिशेने खेचतात आणि त्यातले जवळपास निम्मे लोखंडावरील घर्षणच थोपवते. तेवढे आपले लॉकही सांभाळते. खरा प्रश्न आहे आपटण्याचा. अर्ध्या मीटरवरून पडलेला बार रबरी चटईवर एका सेंटिमीटरमध्ये थांबला असे धरले, तर थांबतानाचा सरासरी धक्का गुरुत्वाच्या सुमारे पन्नासपट असतो. बार तिरका पडला की त्या धक्क्याचा एक हिस्सा स्लीव्हच्या दिशेने जातो आणि प्लेट आतून लॉकवर हातोड्यासारखी आदळते. आमच्या ४९.२ च्या बारवर मी मुद्दाम गुडघ्याच्या उंचीवरून पाच वेळा बार सोडला आणि लॉक २२ मिलिमीटर बाहेर सरकले. दर वेळी खटका मात्र जिथल्या तिथे, घट्ट बंद. त्या मुलाच्या बाबतीत पहिल्या तीन सेटमध्ये हेच झाले, हे आता मला स्पष्ट दिसते.

प्लेट आणि लॉक यांच्यामध्ये फट नसेल, तर हा हातोडा तयारच होत नाही. हे नवीन ज्ञान नाही. वेटलिफ्टिंगच्या स्पर्धांमध्ये २.५ किलो वजनाचे जे लॉक वापरतात, त्यांत आधी खटक्याने स्लीव्ह पकडली जाते आणि नंतर आट्यांची कडी फिरवून प्लेट दाबून घट्ट केल्या जातात. दोन वेगळी कामे, म्हणून दोन वेगळे भाग. ते महाग असते आणि आमच्यासारख्यांना परवडत नाही, हे मी जाणतो. पण आपल्या लॉकमध्ये दुसऱ्या कामाचा विचारच झालेला नाही, हे तरी आपण मान्य करावे.

आमच्या लहानपणी तालमीत बीडाचे लॉक असत आणि त्यांचा बोल्ट पान्याने आवळावा लागे. वेळ जाई, बोल्टच्या टोकाने स्लीव्हवर चरे पडत आणि त्या चऱ्यांवर हात कापत. तेव्हा रबराची पट्टी आली ती चांगल्या कारणासाठीच आली, हे मला मान्य आहे. तारेच्या साध्या स्प्रिंग क्लिपाही निसटतात. परंतु क्लिप ढिली झाली की ती हाताला कळते, कारण तिचे कान दाबताना जोरच लागत नाही. मग मुले ती फेकून देतात. आपले लॉक ढिले असतानाही हाताला घट्ट लागते. एकटे बेंच प्रेस (बाकावर पडून छातीवरून वजन उचलणे) करणारे काही जण मुद्दाम लॉक लावत नाहीत, म्हणजे वजन छातीवर अडकले तर बार तिरका करून प्लेट सोडता येतात. त्यांचा निर्णय योग्य की अयोग्य हा वेगळा विषय, पण निदान त्यांना प्लेट सुटणार हे माहीत असते.

रचनेत काय बदलता येईल, हे सांगण्याचा मला अधिकार नसला तरी अनुभव आहे, म्हणून लिहितो. सायकलच्या चाकाला जो खटका असतो, त्याच्या दुसऱ्या टोकाला एक नट असतो. तो फिरवून आधी माप जुळवायचे आणि मग खटका निम्म्यावर आल्यापासून हाताला जोर लागला पाहिजे, हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. आपल्या लॉकच्या दुव्यात तसाच एक आट्यांचा स्क्रू दिला, तर ४९ पासून ५०.५ मिलिमीटरपर्यंतच्या सगळ्या स्लीव्ह त्यात बसतील आणि रबर झिजल्यावर थोडे आवळूनही घेता येईल. त्याहून चांगले म्हणजे दुव्यात एक स्प्रिंग घालणे, ज्यामुळे व्यासात अर्ध्या मिलिमीटरचा फरक पडला तरी दाब फारसा बदलणार नाही. रबरी पट्ट्या आत नुसत्या चिकटवलेल्या आहेत. सहापैकी दोन जोड्यांमध्ये त्या एका टोकाने सुटल्या आहेत. त्या खाचेत बसवायला हव्या होत्या. आणि स्लीव्ह बारीक असेल तेव्हा खटका बंदच होऊ नये किंवा बंद झाला तरी ‘टक’ वाजू नये, अशी काहीतरी योजना अवश्य असावी. यासाठी खर्च थोडा वाढेल. तो द्यायला आम्ही तयार आहोत.

सांगलीच्या वेटलिफ्टर संकेत सरगरने २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात रौप्यपदक मिळवल्यापासून आमच्याकडे वजन उचलायला येणाऱ्या मुलांची संख्या वाढली आहे. त्यांतली बरीच मुले पहिल्यांदाच बारला हात लावतात आणि लॉक बंद झाले म्हणजे वजन बांधले गेले, एवढेच त्यांना कळते. त्यांनी आणखी काही जाणावे अशी अपेक्षाही आपण करू शकत नाही. म्हणूनच ‘नीट बसवले गेले नसावे’ हे आपले वाक्य मला फार खटकले. लॉक बसवण्याची एकच पद्धत आहे, ती म्हणजे खटका दाबणे, आणि ती त्या मुलाने पाळली होती. बार स्वच्छ नसल्याबद्दल म्हणाल, तर आमच्या स्लीव्ह दर रविवारी कोरड्या फडक्याने पुसल्या जातात. आणि घाम किंवा तेलाचा हात लागल्यास लॉक धरणार नसेल, तर तेही खोक्यावर छापणे आवश्यक होते.

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मधील कलम ८४ नुसार उत्पादक हा केवळ नगातील दोषासाठीच नव्हे, तर रचनेतील दोषासाठी आणि योग्य वापराच्या पुरेशा सूचना न दिल्याबद्दलही जबाबदार धरला जातो, याकडे आपले लक्ष वेधतो. आमची व्यायामशाळा नफ्यासाठी चालत नाही. महिना १०० रुपये वर्गणीवर ती चालते.

तेव्हा माझ्या मागण्या अशा आहेत. सहाही जोड्या परत घेऊन ४,६८० रुपये परत करावेत. बदली जोडी आम्हाला नको, कारण तिची रचना तीच असणार. मुलाच्या उपचारांचा आजवरचा २,३५० रुपयांचा खर्च द्यावा. ‘१५० किलोपर्यंत सुरक्षित’ हा दावा कोणत्या चाचणीवर, किती व्यासाच्या स्लीव्हवर आणि बार आपटून की स्थिर ठेवून ठरवला, ते लेखी कळवावे. आणि हे लॉक ज्यांनी ज्यांनी घेतले आहे, त्या सर्वांना स्लीव्हचा व्यास मोजून घेण्याची व लॉक बारवर बंद ठेवून न देण्याची सूचना आपण स्वतःहून पाठवावी. ही शेवटची मागणी माझ्या दृष्टीने पैशांहून महत्त्वाची आहे.

हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन. निसटलेले लॉक मी तपासणीसाठी आपल्याकडे पाठवणार नाही. ते पाहायचे असल्यास आपला अभियंता व्यायामशाळेत यावा. संध्याकाळी पाच ते आठ या वेळेत मी तिथेच असतो. येताना त्याने आपले व्हर्निअर आणावे, म्हणजे पाचही बार आम्ही दोघे मिळून पुन्हा मोजू.

कळावे.

आपला,
कार्यवाह, व्यायामशाळा समिती

सोबत : बिलाची प्रत, डॉक्टरांच्या चिठ्ठीची व औषधांच्या बिलांची प्रत, पाचही बारच्या मापांचा तक्ता, लॉक व स्लीव्हची सहा छायाचित्रे.