मागच्या जिन्याची किल्ली

मा. मंत्री महोदय,
उच्च व तंत्रशिक्षण, महाराष्ट्र राज्य

स. न. वि. वि.

मी एका अनुदानित महाविद्यालयात 19 वर्षं रसायनशास्त्र शिकवते. गेल्या वर्षी बी.एस्सी.च्या मुलांचं प्रॅक्टिकल चालू असताना बाहेरच्या स्विचबोर्डमधून ठिणग्या उडाल्या आणि बघता बघता पॅसेज धुराने भरला. पुढचा जिना त्या बोर्डाला लागूनच, म्हणून मुलं मागच्या जिन्याकडे पळाली. तिथल्या चॅनल गेटला कुलूप होतं. मुलं तास बुडवून तिकडून सटकतात, म्हणून ते कायमचंच लावलेलं. किल्ली शिपाईमामांकडे आणि मामा कॉलेजच्याच कामाने बँकेत गेलेले. अखेर खालून कुणीतरी मेन स्विच पाडला, धूर ओसरला, आणि आम्ही तोंडाला ओढण्या-रुमाल लावून पुढूनच उतरलो. एका मुलीचा पाय मुरगळला, एवढ्यावर निभावलं.

पण त्यानंतरची दहा मिनिटं माझ्या मनातून जात नाहीत. मैदानात मुलं मोजायला लागले, तर हजेरीचं मस्टर वरच टेबलावर राहिलेलं. त्या दिवशी 38 जण होते की 41, मला सांगता येईना. “मॅडम, सगळे आलेत,” असं मुलं म्हणत होती आणि त्यांच्या शब्दावर विसंबण्यापलीकडे मला काही करता येत नव्हतं. पॅसेजमध्ये आग विझवायचं लाल सिलेंडर होतं. मी ते उचललंही होतं. आधी पिन ओढायची, मग नळी आगीच्या बुडाशी धरून दांडा दाबायचा, एवढी साधी गोष्ट 19 वर्षांत मला कुणी दाखवली नव्हती आणि मीही कधी विचारली नव्हती.

कायदा नाही, असं नाही. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006 आहे. यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारीत आणि जुलैत द्यायचं असतं. आमच्याकडे तो कागद कार्यालयाच्या फायलीत जातो. ज्यांच्या जिवासाठी तो आहे, त्यांनी तो कधी पाहिलेला नाही. तो नोटीस बोर्डावर, प्रवेशाच्या यादीशेजारी लागला पाहिजे.

आणि धोका फक्त आगीचाच नसतो. नोव्हेंबर 2023 मध्ये कोचीच्या विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठात मुलांचा महोत्सव होता. गाण्याच्या कार्यक्रमासाठी खुल्या सभागृहाबाहेर गर्दी थांबलेली, तेवढ्यात पाऊस आला. सगळे एकदम फाटकातून आत घुसले आणि उताराच्या पायऱ्यांवर एकमेकांच्या अंगावर पडले. चार जण गेले. ना आग, ना भूकंप, नुसती पावसाची एक सर. आपल्याकडे गॅदरिंगच्या दिवसांत मी मांडवाकडे बघते. पाहुण्यांच्या स्वागताला दहा स्वयंसेवक असतात. गर्दी किती झाली की आत सोडणं थांबवायचं, हे ठरवणारा एकही नसतो.

सुरतेत मे 2019 मध्ये क्लासच्या इमारतीला आग लागली, 22 जीव गेले. खाली उतरायची वाट बंद झाल्यावर मुलं वरच्या मजल्यावरून उड्या मारत होती. ते व्हिडिओ आपण सगळ्यांनी पाहिले. मला आता ते बघवत नाहीत, कारण त्या चेहऱ्यांत मला माझीच बॅच दिसते.

साहेब, मी नवीन इमारत मागत नाही. कॉलेज चालू असताना एकाही जिन्याला कुलूप असू नये, असा शासन निर्णय काढा. मुलं सटकतात, तर तिथे माणूस बसवा. प्रत्येक सत्रात एकदा, आगाऊ न सांगता, अख्खं कॉलेज मैदानात उतरवून मोजायला लावा आणि किती मिनिटं लागली ते लिहून घ्या. त्यात कार्यालय, ग्रंथालय, वसतिगृह, कॅन्टीनची पोरं, सगळे आले. ज्या मुलाला दिसत नाही किंवा जिना उतरता येत नाही, त्याला कोण आणणार, हे वर्षाच्या सुरुवातीलाच नावानिशी ठरलेलं असावं. शिपाई आणि वॉचमन यांचं प्रशिक्षण आधी घ्या. धावाधावीत मुलं त्यांनाच विचारतात. आमच्याकडे तर कंत्राटी वॉचमन दर काही महिन्यांनी बदलतो, म्हणून एकदाच शिकवून भागणार नाही.

त्या चॅनल गेटची किल्ली आता माझ्याकडे आहे. रोज सकाळी प्रॅक्टिकलच्या आधी मी ते कुलूप काढते आणि जाताना लावते. प्राचार्यांची परवानगी तोंडी आहे. लेखी आदेश तुमच्याकडून यावा.

आपली विश्वासू,
रसायनशास्त्राची एक प्राध्यापिका