विषय: वाळू फिल्टरमध्ये राहायला हवी, आमच्या टँकमध्ये नव्हे

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

फोन करून झाले. आता लेखी देतोय, म्हणजे ‘सर, सिस्टिममध्ये तुमची तक्रार दिसत नाहीये’ हे वाक्य तरी पुन्हा ऐकावं लागणार नाही.

जुळे सोलापुरातल्या आमच्या सोसायटीचा स्विमिंग टँक 12 बाय 6 मीटरचा, सरासरी खोली 1.2 मीटर. म्हणजे साधारण 86 हजार लिटर पाणी. त्याला पाणी वाळूतून गाळणारा सँड फिल्टर तुमचा, पाण्याची वाट बदलणारा मल्टिपोर्ट व्हॉल्व्ह तुमचा, पंप तुमचा आणि बसवून गेलेला फिटरही तुमचाच. तरी रोज सकाळी तळाला पिठासारखा बारीक थर. ब्रश लावला की उठतो. व्हॅक्यूम लावला की होजमधून फिल्टरमध्ये जातो आणि गाळलेलं पाणी सोडणाऱ्या रिटर्नच्या तोंडातून परत टँकमध्ये येतो. तळ तेवढ्यापुरता स्वच्छ दिसतो, पंप बंद करून रात्र गेली की पुन्हा तेच.

यावर तुमच्याकडे एकच उत्तर: बॅकवॉश करा, म्हणजे फिल्टरमधून उलटं पाणी सोडून वाळू धुवा. अहो, बॅकवॉश कधी करायचा हे तुमच्याच पुस्तिकेत दिलंय. स्वच्छ फिल्टरचं प्रेशर जेवढं असेल त्यावर 8 ते 10 पीएसआय चढलं की करायचा. आमच्या गेजचा काटा 10 वरून हललेलाच नाही. फिल्टर घाण पकडत असता तर प्रेशर चढलं असतं. ते चढत नाही, कारण पाणी वाळूला बगल देऊन निघून जातंय. गेज मी बदलून पाहिला. वर गरज नसताना सारखा बॅकवॉश केला तर वाळू बारीक धूळ आणखीच कमी पकडते. हे मी तुम्हाला सांगायचं, की तुम्ही मला?

शेवटी रिटर्नच्या तोंडाला जुना नायलॉनचा पायमोजा बांधून ठेवला. धूळ किती निघते ते बघायचं होतं. निघाली वाळू. पांढरी, खरखरीत, एका मापाची. टँक सांभाळणाऱ्या मामांनी चिमटीत घेतली आणि म्हणाले, “सायेब, ही मशिनीतलीच हाय की ओ.” हे कळायला मामांना ‘मराठीसाठी दोन दाबा’ करावं लागलं नाही.

फिल्टरची वाळू टँकमध्ये येते याचा अर्थ फिल्टरच्या तळातल्या बारीक चिरांच्या नळ्या, म्हणजे लॅटरल, फुटलेत, नाहीतर मधला उभा पाइप जागेवरून सरकलाय. ज्या वाटेने वाळू येते त्याच वाटेने धूळही येते. लॅटरल का फुटले असतील तेही सांगतो. वाळू भरण्याआधी फिल्टरची टाकी अर्धी पाण्याने भरायची असते, म्हणजे वाळूचा मार खालच्या प्लास्टिकला थेट बसत नाही. तुमच्या फिटरला संध्याकाळची गाडी गाठायची होती. 50 किलोची पोती त्याने कोरड्या टाकीत उंचावरून ओतली, एकामागून एक. मामा शेजारीच उभे होते.

आता मुख्य गोष्ट. तुमच्या सीनियरसाहेबांशी झालेलं शेवटचं बोलणं. ते फोन रेकॉर्ड करतात म्हणे, तर काढून ऐकाच.

मी पाण्याचा फोटो पाठवला होता. साहेब म्हणाले, “सर, फोटोत पाणी तर निळं दिसतंय.”

मी म्हटलं, टाइल्स निळ्या आहेत.

थोडा वेळ शांतता. मग, “पण निळं आहे ना सर?”

मी म्हटलं, बादली निळी असली तरी त्यातलं पाणी निळंच दिसेल. मोज्यातल्या वाळूचा फोटो बघा. त्यांनी बघितला. म्हणाले, “ही वाऱ्याने आली असेल. सोलापूर साइडला धूळ फार असते ना सर.”

असते, नाकारत नाही. उन्हाळ्यात इथे काळ्या मातीची धूळ उडते. ती काळी. ही पांढरी. आणि ही वाऱ्याने येऊन, 86 हजार लिटर पाण्यात बुडी मारून, पाण्याच्या उलट्या झोताला तोंड देत मोज्याच्या आत जाऊन बसली? वाऱ्याला एवढं जमत असेल तर पंप विकणं बंद करा, वाराच विका.

हे मी जरा वेगळ्या शब्दांत बोललो. त्यावर साहेब शांतपणे म्हणाले, “असं करा सर, एकदा टँक पूर्ण रिकामा करा आणि फ्रेश पाणी भरून बघा.”

सोलापुरात. मे महिन्यात. जिथे पाणी शंभर किलोमीटरहून लांब असलेल्या उजनीतून येतं आणि नळाला रोज येत नाही, तिथे 10 हजार लिटरचे नऊ टँकर मागवून बघा, असं ते सुचवत होते. गंमत म्हणून. मी विचारलं, पाणी तुम्ही देणार? उत्तर: “सर, पाणी वॉरंटीत कव्हर होत नाही.” आणि वर पुन्हा, “तसं फोटोत निळंच आहे.”

तुरटीचा उपायही करून झालाय, तो सुचवायला फोन करू नका. रात्री तुरटी टाकली, पंप बंद ठेवला, सकाळी सगळा गाळ खाली बसला. व्हॉल्व्ह वेस्टवर ठेवून, म्हणजे पाणी फिल्टरमध्ये न जाता थेट गटारात जाईल असं करून, व्हॅक्यूमचं हेड अगदी सावकाश फिरवत तो बाहेर काढला. पाणी आरशासारखं झालं म्हणायला हरकत नाही, पण पंप पुन्हा फिल्टरवर घेतला की दोन दिवसांत थर परत. शिवाय वेस्टवर व्हॅक्यूम म्हणजे ताशी 12 हजार लिटर ओढणाऱ्या या पंपाने वीस मिनिटांत 4 हजार लिटर पाणी गटारात. दर आठवड्याला हे करायचं असेल तर फिल्टर घेतला कशाला?

तुमचं कोटेशन सगळ्यांत महाग होतं. तरी नाव बघून कमिटीने तुम्हालाच काम दिलं. आता मीटिंगमध्ये पहिला विषय तुमचा फिल्टर असतो, आणि शाळेच्या सुट्टीतली पोरं टँकच्या काठावर बसून पाय हलवतात.

फिल्टर उघडायला माणूस पाठवा. सगळी वाळू हाताने बाहेर काढून लॅटरल तपासा, फुटलेले बदला, व्हॉल्व्हमधल्या वाटा वेगळ्या ठेवणारं रबर, म्हणजे स्पायडर गॅस्केटही बघा. मजुरी आणि वाया गेलेलं पाणी तुमच्या खर्चाने. आठ दिवसांत कोणी आलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करतो. 2019 च्या कायद्याप्रमाणे ती ग्राहक राहतो त्या जिल्ह्यात करता येते. तेव्हा तरी तुमचा माणूस सोलापूरला येईल.

सचिव,
सोसायटीच्या वतीने

ता. क. फिटर तोच पाठवलात तरी चालेल. फक्त परतीचं तिकीट दुसऱ्या दिवशीचं काढा. टाकी अर्धी पाण्याने भरेपर्यंत वाळूच्या पोत्यांवर मी स्वतः बसून राहणार आहे.